मूळ अर्थ आणि खरा अर्थ

मराठींत व्युत्पत्तीची आवड फार जुनी आहे. वाद समाजाचा असो, धर्माचा असो वा वाङ्मयाचा असो, वादी आपल्या सोयीच्या शब्दाचा धातु काढून दाखवितो आणि अमक्या धातूपासून हा शब्द झाला म्हणून त्याचा खरा अर्थ अमुक, असा निकाल देऊन मोकळा होतो. सभेंत टाळ्या पडतात. प्रतिपक्षी दुसरा धातु शोधावयास जातो. ह्या रीतीनें निघालेले निष्कर्ष बहुधा निरुपद्रवी असतात, म्हणून तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु शब्दाचा अर्थ म्हणजे काय, तो बदलतो तेव्हां नेमकें काय बदलतें, आणि बदललेल्या अर्थावर अधिकार कोणाचा, हे प्रश्न मात्र निरुपद्रवी नाहींत. त्यांच्याशीं माणसांची मजुरी गुंतलेली असते, हें आम्ही ह्या लेखांत दाखविणार आहों. त्याबरोबरच मराठी कोशकारांनीं व भाषाभ्यासकांनीं ह्या बाबतींत काय केलें आणि काय करावयाचें राहिलें, ह्याची तपासणी करणेंही आम्हांस अवश्य वाटतें.

असल्या विवेचनांत उदाहरणें संस्कृत काव्यांतून किंवा इंग्रजी ग्रंथांतून घेण्याचा प्रघात आहे. आम्ही तीं बारामती तालुक्यांतील सांगवी ह्या गांवाच्या आणि त्याच्या भोंवतालच्या ऊंसपट्ट्याच्या बोलण्यांतून घेतों. अर्थ बदलत असतांना पाहावयाचा असेल, तर जेथें व्यवहार झपाट्यानें बदलले असा प्रदेश निवडला पाहिजे. सांगवी नीरेच्या कांठचें गांव. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी ह्या मुलखांत खेळूं लागलें. कोरडवाहू रानांत ऊंस उभा राहिला, गुऱ्हाळें पेटलीं. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरास साखरेचा कारखाना निघाला आणि स्वातंत्र्यानंतर माळेगांवासारख्या ठिकाणीं सहकारी कारखाने झाले. जमीन तीच व नदीही तीच. पण पाणी आलें तसे जुन्या शब्दांवर नवे अर्थ चढले.

प्रथम गांवाचें नांवच घेऊं. सांगवी हें नांव महाराष्ट्रांत अनेक गांवांस आहे. त्याची फोड विद्वानांनीं कशीही केली, तरी बारामतीच्या सांगवीस पाठविलेलें पत्र त्या फोडीसाठीं खोळंबून राहत नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल ह्यानें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत हाच मुद्दा मांडला होता. डार्ट नदीच्या मुखाशीं वसलेल्या गांवास डार्टमथ हें नांव पडलें खरें. परंतु उद्यां नदीनें आपलें मुख बदललें, म्हणून गांवाचें नांव खोटें पडत नाहीं. नांव पडण्याचें कारण एक आणि नांव चालण्याचें कारण दुसरें. विशेषनामाविषयीं हें कोणीही चटकन् मान्य करील. सामान्य शब्दांविषयींही तें बव्हंशीं खरें आहे, हें मान्य करतांना मात्र आपण कचरतों.

जिराईत आणि बागाईत ही जोडी पाहा. जिराईत हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या द्वारें तो मराठींत आला. मुळांत त्याचा अर्थ शेती, एवढाच. मराठींत मात्र जिराईत म्हणजे पावसाच्या पाण्यावर पिकणारी जमीन. हा संकोच कां झाला? शेजारीं बागाईत हा शब्द उभा राहिला म्हणून. शब्दाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या पोटांत नसतो. शेजारच्या शब्दांनीं त्यास जी जागा ठेविली असेल तिच्यावर तो अवलंबून असतो, असें फेर्दिनां द सोस्यूर ह्यांच्या १९१६ सालीं मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत प्रतिपादन केलेलें आहे. जिराईताची मराठी कथा ह्या सिद्धान्तास उत्तम पुरावा आहे. पुढें कालवा आला आणि काल जिराईत असलेलें रान आज बागाईत झालें. येथें शब्दांचे अर्थ बदलले नाहींत. त्यांच्या हद्दी हालल्या. शब्दाचा आशय आणि शब्दानें दाखविलेली वस्तु ह्यांत भेद केला पाहिजे, हें गोट्लोब फ्रेग ह्या जर्मन तत्त्वज्ञानें १८९२ सालीं एका निबंधांत सांगितलें. तो भेद ध्यानांत न ठेवल्यास वस्तूंत झालेला फरक शब्दाच्या माथीं मारला जातो, आणि भाषेच्या इतिहासांत बराच गोंधळ त्यामुळेंच माजतो.

कारखान्याची गोष्ट निराळी आहे. तेथें आशयच बदलला. शिवशाहींतील अठरा कारखान्यांत तोफखाना, पीलखाना, जवाहिरखाना हे होते. कारखाना म्हणजे तेव्हां राज्यकारभाराचें एक खातें व त्या खात्याचें कोठार. राज्यव्यवहारकोशांत रघुनाथपंडितांनीं ह्यास कार्यस्थान हा संस्कृत शब्द योजिला. पुढें यंत्रें आलीं आणि जेथें माल तयार होतो ती जागा, असा त्याचा अर्थ सर्वत्र झाला. ऊंसपट्ट्यांत मात्र विशेषण न लावतां कारखाना म्हटला कीं तो साखरेचाच. तसेंच फारसींत केवळ वेळ असा अर्थ असलेला हंगाम येथें ऊंसाच्या गाळपाचा काळ होऊन बसला. राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत शिवचरित्राची बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंतांचें उपपद सभासद होतें. आज त्याच शब्दानें कारखान्याचा भागधारक ऊंसकरी ओळखला जातो. आणि ज्या सहकारावर हा सारा डोलारा उभा आहे, तो सहकार शाकुन्तलाच्या वाचकास आम्रवृक्ष म्हणून परिचित आहे. त्या नाटकाच्या पहिल्या अंकांत वनज्योत्स्ना नांवाची वेल त्यालाच बिलगलेली आहे. खुद्द साखर हा शब्द संस्कृत शर्करेपासून आला, आणि शर्करा म्हणजे मुळांत वाळूचे खडे. मूळ अर्थ हाच खरा अर्थ असें धरून चालणारानें सहकारी साखर कारखाना ह्याचा अर्थ आंब्याच्या झाडाखालचें खड्यांचें कोठार असा करावयास हरकत नाहीं!

हा विनोद सोडून दिला, तरी त्यामागचा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं गंभीरपणें हाताळलेला आहे. सर्व नामें धातूंपासून झालीं, हें शाकटायनाचें मत यास्कानें निरुक्तांत स्वीकारलें. पण त्याबरोबर गार्ग्याचा आक्षेपही नोंदवून ठेविला. वाट व्यापतो म्हणून अश्व म्हणावयाचें, तर वाट व्यापणारा जो जो कोणी असेल, त्या प्रत्येकास अश्व कां म्हणूं नये, असें गार्ग्य विचारतो. यास्कानें आपल्या परीनें उत्तर दिलें आहे. परंतु आक्षेपाची धार त्यामुळें गेली असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें अलंकारशास्त्रांत हाच वाद कुशल ह्या शब्दावर रंगला. कुश तोडून आणणारा तो कुशल, आणि तें काम सावधपणाचें म्हणून लक्षणेनें कुशल म्हणजे निपुण, असें मम्मटानें मानलें. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें तें खोडून काढलें. शब्द तयार होण्याचें निमित्त वेगळें आणि शब्द वापरला जाण्याचें निमित्त वेगळें. तसें नसतें तर चालते ती गाय ह्या व्युत्पत्तीमुळें निजलेल्या गायीला गाय म्हणतांनाही लक्षणा करावी लागली असती, असें त्याचें म्हणणें. व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त हा भेद इतक्या नेमकेपणानें ज्या परंपरेंत सांगितला गेला, त्याच परंपरेचे वारस आज धातूंची कोटी करून वाद जिंकूं पाहतात, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

मीमांसकांनीं तर ह्याहून पुढचें पाऊल टाकलें. वेदांत पिक, नेम, सत, तामरस असे कांहीं शब्द येतात, ज्यांचा वापर आर्यांत राहिला नव्हता, पण ज्यांस त्या काळीं म्लेच्छ म्हणत त्या लोकांत तो चालू होता. अशा शब्दांचा अर्थ व्याकरण-निरुक्ताच्या साह्यानें आपल्या मनानें बसवावा, कीं ते शब्द प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून घ्यावा? शबरस्वामींचें उत्तर निःसंदिग्ध आहे: वापरणाऱ्यांकडून घ्यावा, पिक म्हणजे कोकिळ, नेम म्हणजे अर्धा. शिष्टांचा आचार अधिक प्रमाण नव्हे काय, ह्या शंकेस ते असें समाधान देतात कीं, पक्षी धरणें व पाळणें ह्यांत ते लोकच अधिक जाणकार आहेत. धर्मशास्त्रांत ज्यांस अधिकार नव्हता, त्यांस शब्दार्थांत अधिकार देणारा हा निर्णय आहे. आमच्या मतें अर्थविचाराच्या इतिहासांत त्याचें मोल फार मोठें आहे. ज्याच्या हातांत वस्तु, त्याच्या तोंडचा अर्थ प्रमाण.

हें सूत्र घेऊन आपण पुन्हां ऊंसाच्या फडांत येऊं. कोयता म्हणजे काय? लहान मूलही सांगेल कीं तें एक तोडावयाचें हत्यार आहे. परंतु ऊंसतोडणीच्या हिशेबांत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळींत इतके कोयते आहेत असें सांगितलें, तर माणसें त्याच्या दुप्पट समजावयाचीं. एकटा पुरुष किंवा एकटी स्त्री कामावर आली, तर ती गणना अर्धा कोयता. अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथें तत्काळ भाल्यांचें उदाहरण आठवेल: भाले आंत येत आहेत, असें म्हटलें म्हणजे भालेकरी येत आहेत असें समजावयाचें. ही उपादानलक्षणा. कोयत्याची गोष्ट तिच्याच घाटाची आहे, पण तेथेंच थांबलेली नाहीं. भाल्यामागें एक भालेकरी असतो. कोयत्यामागें दोन माणसें आहेत, त्यांतील एक ऊंस तोडतें, दुसरें पाचट काढतें, मोळी बांधतें आणि ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेतें. पुष्कळदां तोडणीही दोघें मिळून करतात. आणि लक्षणा म्हणून आरंभीं जी मनास जाणवत असेल, ती आतां कोणासच जाणवत नाहीं. ती रूढि झाली आहे. रूढि झाल्याची खूण हीच कीं अर्धा कोयता म्हणतांना कोणाच्या डोळ्यांपुढें तुटलेलें हत्यार उभें राहत नाहीं.

कोयता ह्या शब्दाची व्युत्पत्ति उद्यां निर्विवाद ठरली, तरी तिच्यांतून ही जोडी निघणार नाहीं. तो अर्थ धातूंत नाहीं; तो मजुरीच्या वहींत आहे. आणि वहींतील ह्या अर्थानें एक काम केलें आहे. एका कोयत्याची मजुरी टनावारी एकत्र मोजली जाते, हिशेब बहुधा पुरुषाच्या नांवें चालतो, आणि स्त्रीच्या श्रमास वेगळा आंकडा मिळत नाहीं. ती एकटी आली तर अर्धी मोजली जाते. नवऱ्याबरोबर आली तर मोजलीच जात नाहीं, कोयत्यांत विरून जाते. शब्दानें हें केलें असें आम्ही म्हणत नाहीं, व्यवहारानें केलें. पण व्यवहार शब्दांत मुरला, आणि शब्दांत मुरलेल्या गोष्टीबद्दल कोणी प्रश्न विचारीत नाहीं.

मुकादम ह्या शब्दाची वाटचालही अशीच उद्बोधक आहे. अरबींत मुकद्दम म्हणजे पुढें ठेवलेला, आघाडीचा. जुन्या मराठी कागदपत्रांत मोकदम म्हणजे गांवचा पाटील. गिरणींत, नगरपालिकेंत, रस्त्याच्या कामावर मजुरांवर देखरेख करणारा तो मुकादम झाला, आणि ऊंसतोडणींत मजुरांची टोळी जमवून आणणारा व तिच्याबद्दल जबाबदार राहणारा तो मुकादम. पाठ्यपुस्तकांच्या वर्गवारीप्रमाणें हा अर्थापकर्ष होय: मानाच्या पदावरून शब्द घसरला. पण ह्या लेबलानें कळलें काय? पाटील सरकारापुढें गांवाच्या वतीनें उभा राही आणि गांवच्या वसुलाबद्दल सरकारास जबाब देई. आजचा मुकादम कारखान्यापुढें टोळीच्या वतीनें उभा राहतो आणि टोळीच्या हजेरीबद्दल कारखान्यास जबाब देतो. मधली जागा तीच आहे. वरचा पक्ष बदलला, खालचा पक्ष बदलला. ह्या शब्दाच्या प्रवासांत प्रत्येक वेळीं वापरणारानें तो आपल्या मतें जुन्याच अर्थानें वापरला. अर्थ बदलावा अशी कोणाचीही इच्छा नव्हती. तरीही तीनशें वर्षांच्या दोन टोंकांना उभे राहून पाहिलें असतां दोन अगदीं निराळीं माणसें दिसतात. शब्द एकच कीं दोन, ह्या प्रश्नाचें उत्तर ध्वनि तोलून मिळत नाहीं. मधले दुवे मोजूनच मिळतें.

तिसरा शब्द उचल. उचलणें ह्या क्रियापदाचें हें सरळ नाम. ऊंसकरी शेतकऱ्याच्या तोंडीं पहिली उचल म्हणजे दिलेल्या ऊंसाच्या किमतीचा पहिला हप्ता. त्याचा माल आधीं गेलेला आहे. पैसा मागाहून येत आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें तो पैसा ऊंस दिल्यापासून १४ दिवसांत मिळावयास हवा. म्हणजे ही उचल शेतकऱ्याचें येणें आहे. तोडणी-मजुराच्या तोंडीं उचल म्हणजे हंगामापूर्वीं मुकादमाकडून घेतलेली रक्कम. पैसा आधीं आलेला आहे. श्रम मागाहून जावयाचे आहेत. ही उचल मजुराचें देणें आहे. एकाच शेतांत, एकाच दिवशीं, बांधावर उभा असलेला आणि फडांत वांकलेला हे दोघेही उचल हा शब्द बोलतात, आणि एकाचा तो हक्क असतो तर दुसऱ्याचें तें बंधन असतें. त्यांत खाडा हा शब्द मिळवा. खाडा म्हणजे कामांत पडलेला खंड. पण तोडणींत खाडा म्हणजे त्या खंडाबद्दल कापली जाणारी रक्कमही होय. अंग दुखलें म्हणून एक दिवस पडून राहणाऱ्या बाईची उचल त्या दिवशीं फिटत नाहीं. वर खाडा चढतो.

१९७६ सालच्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यांत आगाऊ दिलेली रक्कम आणि तिच्यापोटीं घेतलेले सक्तीचे श्रम ह्यांचा विचार केलेला आहे. संस्कृत विष्टीपासून आलेली वेठ आणि फारसी बिगार, दोहोंचा अर्थ एकच. दोन भाषांनीं मिळून एकाच दुःखाला नांव दिलें आहे. अमुक एक उचल ह्या कायद्याच्या कक्षेंत येते कीं नाहीं, हें तो तो व्यवहार तपासूनच ठरेल. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं ती तपासणी शब्दावर थांबून चालत नाहीं. उचल हा शब्द हलका, हाताळावयास सोपा आहे. त्याचें वजन कोणत्या खांद्यावर पडतें त्यावरून त्याचा अर्थ ठरतो.

आतां कोशांकडे वळूं. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या व १८५७ सालीं सुधारून निघालेल्या कोशाचें ऋण मराठीवर मोठें आहे. दाते व कर्वे ह्यांनीं १९३२ ते १९३८ ह्या काळांत सात विभागांत महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला आणि धंद्यांतले, प्रांतांतले शब्द आदरानें गोळा केले. कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ सालीं आला. शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस ह्यांनीं १९९९ सालीं जुन्या मराठीचा कोश दिला. इतकें असूनही आमची तक्रार अशी कीं मराठींत शब्दांचा जन्म सांगणारे ग्रंथ आहेत, शब्दांची यादी देणारे ग्रंथ आहेत, पण शब्दांचें चरित्र सांगणारा ग्रंथ नाहीं. महाराष्ट्र शब्दकोशांत अर्थांस क्रमांक आहेत, ग्रंथांतील उताऱ्यांचे आधार आहेत; परंतु कोणता अर्थ आधींचा, कोणता मागाहूनचा, आणि कोणत्या व्यवहारांतून तो फुटला, हें क्रमांकावरून कळत नाहीं. संस्कृतासाठीं हें काम पुण्यांतच, डेक्कन कॉलेजांत, १९४८ पासून चालू आहे. सुमारें १५०० ग्रंथांतून जवळ जवळ एक कोटी टिपणें काढून शब्दाचा प्रत्येक अर्थ कालक्रमानें मांडण्याचा तो उद्योग आहे. मृत म्हणून हिणविलेल्या भाषेस जें भाग्य लाभलें, तें जिवंत मराठीस लाभूं नये, हें खेदकारक होय.

ह्या उणिवेस एक इतिहास आहे. झ्यूल ब्लॉक ह्यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ आमच्या भाषाशास्त्राचा पाया समजला जातो. वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनीं १९४१ सालीं त्याचें भाषांतर केलें. ध्वनि आणि रूपें ह्यांचा विचार त्यांत अत्यंत कांटेकोर आहे. अर्थाच्या बदलास मात्र त्यांत स्वतंत्र स्थान नाहीं. वास्तविक ब्लॉक ज्यांच्या परंपरेंत तयार झाले त्या आंत्वान मेये ह्यांनीं १९०६ च्या सुमारास शब्दांच्या अर्थबदलावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला होता. शब्द मोठ्या समाजांतून लहान गटांत शिरला कीं त्याचा अर्थ आकुंचित होतो, लहान गटांतून मोठ्या समाजांत आला कीं पसरतो. म्हणून अर्थाचा इतिहास हा समाजाच्या घडणीचा इतिहास आहे, असा त्याचा इत्यर्थ. कारखाना आणि हंगाम ह्यांवर आम्हीं जें वर लिहिलें, तें मेये ह्यांच्या सूत्रांत तंतोतंत बसतें. गुरूचें हें अर्ध दर्शन शिष्याच्या ग्रंथाबरोबर महाराष्ट्रांत आलें नाहीं. आमच्याकडे अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष, अर्थोत्कर्ष हीं चार लेबलें तेवढीं पोंचलीं, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तीं अद्यापि चिकटविलीं जातात. रोग्याच्या गळ्यांत रोगाच्या नांवाची पाटी अडकविली म्हणजे निदान झालें, अशांतलाच हा प्रकार आहे.

दोष एकट्या भाषाशास्त्रज्ञांचा नाहीं. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक अर्थाची चर्चा करतात, पण त्यांचीं उदाहरणें टेबल, खुर्ची आणि सकाळचा तारा ह्यांपलीकडे क्वचितच जातात. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरांत शोधावा, हें विट्गेन्स्टाइनचें १९५३ सालीं प्रसिद्ध झालेलें मत ते आदरानें सांगतात. पण वापर पाहावयास बाहेर पडत नाहींत. भाषाशास्त्रज्ञ बाहेर पडतो, टिपणें आणतो. पण ह्या दोन वापरांत अर्थ एक कीं अनेक, हें कोणत्या कसोटीवर ठरवावयाचें, ह्याचा विचार तत्त्वज्ञावर सोंपवितो. डेक्कन कॉलेजांत अध्यापन केलेले अशोक केळकर (१९२९-२०१४) ह्यांच्यासारखे दोन्ही बाजूंना पाय रोवून मराठींत लिहिणारे विरळा. वैखरी ह्या त्यांच्या पुस्तकाच्या पोटशीर्षकांतच भाषा आणि भाषाव्यवहार अशी जोडी आहे, ती आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. वापर हाच जर अर्थाचा प्रमाणकर्ता, तर कोयता म्हणजे जोडी हा अर्थही प्रमाणच झाला. मग त्यांत मुरलेल्या अन्यायाविरुद्ध बोलण्यास आधार काय उरला? व्युत्पत्तीचा आग्रह धरणारा निदान मूळ अर्थाच्या नांवानें दाद तरी मागूं शकतो! आमचें उत्तर असें. शब्दाचा अर्थ काय आहे, हा एक प्रश्न. त्या अर्थानें चालणारा व्यवहार असावा कीं नसावा, हा दुसरा. शबरस्वामींच्या निर्णयानें पहिला सुटतो. दुसरा त्यानें सुटत नाहीं, आणि सुटतो असा त्यांचा दावाही नाहीं. व्युत्पत्तिवादी हे दोन प्रश्न एकांत कालवितो: मूळचें तें खरें आणि खरें तें योग्य, अशी त्याची उडी असते. नुसता नोंद करणाराही ते कालवितो: रूढ तें खरें, आणि खरें तें विचारण्यापलीकडचें, असें तो न बोलतां मानतो. पहिल्याच्या हातीं दाद मागण्याचें साधन आहे असें दिसतें, पण तें पोकळ आहे. कारण कोयता हें मुळांत हत्यार होतें एवढें सिद्ध झाल्यानें कोणाच्याही मजुरींत एक पैसाही वाढणार नाहीं. वाढलीच तर ती ह्या शब्दाच्या आजच्या अर्थांत दोन माणसें आहेत, हें उघड करून दाखविल्यानें वाढेल.

शिवाय वापर हा एकसंध नसतो. कारखान्याचा कारकून, मुकादम, पुरुष मजूर आणि स्त्री मजूर हे चौघेही कोयता हाच शब्द उच्चारतात. पण पहिल्यास तो मोजणीचा एकक, दुसऱ्यास दिलेल्या उचलीचें माप, तिसऱ्यास आपलें बिऱ्हाड आणि चौथीस आपलें न मोजलेलें काम. ह्यांपैकीं कोणाचा वापर कोशांत घ्यावा? पक्षी पाळणाराचा अधिकार शबरस्वामींनीं कां मानला, हें येथें आठवावें. तो त्या वस्तूशीं अधिक परिचित होता म्हणून. कोयत्याशीं सर्वांत अधिक परिचय कोणाचा, हें सांगावयास नको. इतरांचा अर्थ टाकावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कोश बहुधा लेखणीवाल्यांच्या अर्थावर उभे राहतात, आणि कोयतेवालीचा अर्थ लिहून घेण्यास कोणी गेलेलें नसतें.

पतंजलीनें महाभाष्यांत म्हटलें आहे कीं घट हवा असलेला मनुष्य कुंभाराच्या घरीं जातो, पण शब्द हवे असलेला मनुष्य कांहीं वैयाकरणाच्या घरीं जाऊन शब्द करून मागत नाहीं. शब्द लोकांत आधींच तयार असतात. खरें आहे, म्हणूनच वैयाकरणानें आणि कोशकारानें लोकांच्या घरीं जावयाचें असतें. उद्यांच्या मराठी कोशांत कोयता ह्या शब्दाखालीं प्रथम हत्यार हा अर्थ यावा. त्याखालीं ऊंसतोडणींतील दुसरा अर्थ यावा: नवरा-बायको मिळून एक गणना, हा अर्थ कोणत्या भागांत व कोणत्या काळापासून आढळतो त्याचे आधार, अर्धा कोयता हा प्रयोग, आणि हिशेबांत ह्या गणनेचा परिणाम काय होतो त्याची एक ओळ. मुकादमाखालीं पाटलापासून टोळीपर्यंतचे सर्व दुवे यावेत. उचल ह्या शब्दाखालीं येणें आणि देणें हे दोन अर्थ एकाखालीं एक छापावेत आणि कोणाचा कोणता, हें स्पष्ट लिहावें. असा कोश तयार करण्यास भाषाशास्त्रज्ञाचा कान लागेल, तत्त्वज्ञाची चिकित्सा लागेल आणि हंगामांत फडावर जाऊन बसण्याची तयारी लागेल. पहिल्या दोन गोष्टी आमच्या विद्यापीठांत आहेत. तिसरी त्यांस जोडली गेली म्हणजे मराठींत अर्थविचाराचें शास्त्र खऱ्या अर्थानें सुरू झालें, असें आम्ही समजूं.